रोज सकाळी नवा कारभारी

मुख्य कार्यालयाचं परिपत्रक सोमवारी आलं आणि बाईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं. काही परिपत्रकं बसून वाचायची असतात आणि काही उभ्यानं वाचून संपवायची असतात. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर बाईंना हा फरक कागदाच्या घडीवरूनच कळायचा.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीची ही एक लहानशी शाखा. शहरात कुठेही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की फोन बाईंच्या टेबलावर वाजायचा. आत किती माणसं आहेत, त्यातलं कोण खरंच गुदमरतंय आणि कोण नुसतंच ओरडतंय, एवढं विचारून बाई सगळ्यात जवळच्या मिस्त्रीला तिकडे पिटाळत. हजेरीपटावर त्यांचं एक नाव होतं, पण ते हजेरीपटालाच ठाऊक. बाकी सगळ्यांच्या त्या बाई.

परिपत्रकात म्हटलं होतं की यापुढे सर्व मिस्त्रींनी मुख्य कार्यालयाचं नवं ॲप वापरावं. दर तासाला स्वतःचा फोटो पाठवावा. फोटोत चेहरा पूर्ण दिसावा, डोळे उघडे असावेत, मागे कामाची जागा असावी. मिस्त्रींनी आपसातलं बोलणंही त्याच ॲपवर करावं. ते सर्व मुख्य कार्यालयात जपून ठेवलं जाईल.

"जपून कशाला?" बाई म्हणाल्या. "आम्ही काय ओव्या रचतोय?"

त्याच दुपारी लंबू मिस्त्री परतला तो तोंड पाडून. सव्वासहा फूट उंचीचा हा माणूस एरवी कधी तोंड पाडत नसे, कारण ते पाडलं तरी बाकीच्यांच्या डोक्यावरच राही.

"काय रे, काय झालं?"

"गैरहजर झालो."

"कामावर होतास ना?"

"आठव्या मजल्यावर शाफ्टमध्ये लटकत होतो, बाई. तासाचा गजर झाला. एका हातानं दोर धरला, दुसऱ्या हातानं फोटो काढला. ॲप म्हणतं, चेहरा ओळखता आला नाही. ग्रीस होतं ना तोंडावर. पुसलं. मग म्हणतं, कृपया हसा."

"हसलास?"

"हसलो की. मग म्हणतं, डोकं चौकटीच्या बाहेर आहे. शेवटी आत अडकलेल्या आजोबांनाच दया आली. दाराच्या फटीतून हात बाहेर काढून त्यांनी माझा फोटो काढून दिला. तोवर तास उलटून गेला होता."

बाई तडक शाखाप्रमुखांच्या खोलीत गेल्या. त्यांच्यामागून लंबू गेला, आणि काहीतरी घडणार आहे असं वाटल्यामुळे गोदाम सांभाळणारे भांडारीही हातातला स्पॅनर न ठेवता गेले.

शाखाप्रमुख हा मऊ माणूस. टेबलावरची काच फुटली तेव्हा काचेचीच माफी मागितली होती असं त्यांच्याबद्दल सांगत. ते म्हणाले, "बाई, मी काय करू? वरून आलंय."

"साहेब, वरून येईल ते सगळं झेलायचं म्हटलं तर आपल्या धंद्यात माणूस जिवंत राहायचा नाही."

"पण बोलायला काहीतरी ॲप लागेलच ना."

"मी करते. आपल्या ऑफिसचं, आपल्या मशीनवर. पंधरा दिवस द्या. मिस्त्री कुणालाही फोटो पाठवणार नाहीत आणि लिफ्टमधली माणसं वेळेत बाहेर येतील. नाही जमलं तर मी हे फोनचं टेबल सोडते. खुर्ची उचलते आणि गोदामात जाऊन नट मोजत बसते."

"गोदामात का?" भांडारी दचकून म्हणाले. "गोदामात मी आहे."

साहेब 'हो' म्हणाले नाहीत, पण 'नाही'ही म्हणाले नाहीत. त्यांनी 'बघू' म्हटलं. त्यांचं 'बघू' म्हणजे डोळे मिटून घेणं, हे शाखेत सगळ्यांना माहीत होतं.

ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर बाईंच्या टेबलाखाली पाय ठेवायला म्हणून वापरात होता. बाईंनी त्यावरून पाय काढले, धूळ झटकली आणि सुनेला फोन लावला.

सूनबाई दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरचंच काम करायची. सासू-सुनेचे संबंध उत्तम होते, कारण दोघींमध्ये सहाशे किलोमीटरचं अंतर होतं आणि ते दोघींनी मोठ्या समंजसपणानं राखलं होतं.

"आई, सोपं आहे," सून म्हणाली. "एक डबा आहे असं समजा. गप्पांना लागणारं सगळं सामान त्यात भरलेलं आहे. मशीनवर तो डबा उघडायचा की झालं सुरू. मी इथूनच मशीन अशी लावून देते की वीज गेली आणि परत आली तर जुना डबा फेकून आपोआप नवा उघडेल. तुम्हाला हात लावायला नको."

"बरं."

"आता मी सांगते ती ओळ टाइप करा. थोडी लांब आहे."

बाईंनी चष्मा लावून निम्मी ओळ लिहिली आणि थांबल्या. "हे पुढचं काय आहे एवढं लांबलचक?"

"ते कपाट, आई. डबा स्वतः काहीच लक्षात ठेवत नाही. बोललेलं, नोंदवलेली नावं, सगळं डब्याबाहेर एका कपाटात ठेव असं त्याला सांगावं लागतं. त्यासाठी आहे ती ओळ."

"म्हणजे आमचं बोलणं साठवायचं?"

"हो."

"अगं, मुख्य कार्यालय आमचं बोलणं साठवतंय म्हणून तर मी भांडतेय. आणि तू मलाच कपाट देतेस? आम्हाला बोलायचंय. लोणचं नाही घालायचं."

"पण आई, त्याशिवाय..."

"ती निम्मी ओळ तुझ्याकडेच ठेव."

मग सून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

सून 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणते तेव्हा सासूनं हातातलं काम खाली ठेवून विचार करायचा असतो. पण बाई जिंकण्याच्या आनंदात होत्या.

"आणखी दोन गोष्टी," सून म्हणाली. "नवं नाव नोंदवायचं तर ऑफिसच्या वायफायवरूनच नोंदवता येईल, म्हणजे बाहेरचं कोणी घुसणार नाही. एकदा नोंदवलं की मग शहरात कुठूनही बोला. आणि जो पहिलं नाव नोंदवेल त्याला तो डबा मुख्य समजतो. त्याच्या नावापुढे मुकुट येतो. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं, सगळं त्याच्या हातात. तेव्हा पहिलं नाव तुमचंच घाला."

बाईंनी घातलं. नावापुढे लहानसा पिवळा मुकुट उगवला. लंबू म्हणाला, "बाई कारभारी झाल्या." तो शब्द शाखेत चिकटला.

गुरुवार फारच छान गेला. सहा लिफ्ट अडकल्या, सहाही सुटल्या, त्यातली एक बारा मिनिटांत. मिस्त्री एकमेकांना सांगत होते, "मी पुलाजवळ आहे, मी जातो," "रिले घेऊन ये, इथला जळलाय." कुणी फोटो काढला नाही. कुणाला हसावं लागलं नाही, त्यामुळे सगळे हसत होते. संध्याकाळी बाईंनी पाय ठेवायला नवं खोकं आणलं आणि घरी गेल्या.

शुक्रवारी सकाळी भांडारी नेहमीप्रमाणे साडेआठला आले आणि त्यांनी फोन उघडला. कालचं काहीच नव्हतं. ना बाई, ना लंबू, ना पुलाजवळचं बोलणं. नुसता कोरा पडदा आणि त्यावर एक वाक्य : 'स्वागत आहे. आपलं नाव लिहा.' भांडारींनी लिहिलं. त्यांच्या नावापुढे मुकुट आला.

एकवीस वर्षं ज्या माणसाला लोक फक्त 'दोन इंची आहे का?' एवढंच विचारत आले, त्याच्या डोक्यावर अचानक मुकुट ठेवला तर काय व्हायचं? नऊ वाजेपर्यंत भांडारींनी तीन फर्मानं काढली होती. एक, सामान मागताना 'कृपया' लिहावं. दोन, नेलेला स्पॅनर परत आणावा. तीन, मागच्या मार्चमध्ये नेलेला स्पॅनर कुणी नेला ते आजच कबूल करावं.

लंबूनं लिहिलं, 'कृपया डोकं खाऊ नका.' भांडारींनी त्याला काढून टाकलं.

"अहो भांडारी, मी लिफ्टच्या टपावर उभा आहे," लंबूनं फोन करून सांगितलं. "आत घ्या मला."

"स्पॅनर?"

"कोणता स्पॅनर?"

"मग राहा टपावर."

बाईंनी मध्ये पडून तह घडवला. भांडारींना उद्या समजावू, असं त्यांनी ठरवलं. पण शनिवारी भांडारींना समजावायची गरजच पडली नाही, कारण डबा पुन्हा कोरा झाला होता आणि लंबू आठ वाजताच येऊन बसला होता. त्यानं भांडारींना आत घेतलं, पण त्यांच्यासाठी 'माळा' नावाची वेगळी खोली केली आणि तिथे त्यांना एकट्यालाच ठेवलं. भांडारी दिवसभर माळ्यावर 'कृपया' लिहीत राहिले.

आता शाखेला उमगलं होतं की रोज सकाळी राज्य नवं असतं आणि जो आधी येईल तो राजा. ऑफिस नऊचं. सोमवारी भांडारी साडेसातला आले. मंगळवारी रंगाऱ्यासारखे कपडे घालणारा, लिफ्टच्या तारा जोडणारा जोडमिस्त्री सव्वासातला आला आणि कारभारी झाला. 'जेवणानंतर एक तास कुणीही कुणाला काही सांगू नये' हा त्याचा कायदा लोकांना अजूनही आठवतो. बुधवारी लंबू ऑफिसच्या खिडकीखाली, बाहेरच्या फुटपाथवर, वायफायच्या शेवटच्या टोकाला चिकटून उभा असलेला सापडला. उंचीमुळे त्याचं डोकं खिडकीतून आत दिसत होतं, नाहीतर तो पकडला गेला नसता.

गुरुवारी तर खुद्द शाखाप्रमुख सात वाजता आले. त्यांनी कुणालाही न सांगता नाव नोंदवलं आणि भीत भीत लिहिलं, 'सर्वांनी आज जरा सावकाश जिने उतरावेत.' मुकुटाचा माणूस बोलला म्हणून सगळे सावकाश उतरले. साहेब दुपारी बाईंना हळूच म्हणाले, "बाई, शाखाप्रमुख होऊन नऊ वर्षं झाली. माझं कुणी ऐकलं ते आज पहिल्यांदा."

एकट्या बाई नऊलाच येत राहिल्या. "मी सव्वीस वर्षं नऊला येते. एका मुकुटासाठी मी झोप मोडणार नाही. तो मुकुट मी आणलाय, त्यानं माझ्याकडे यावं."

पण मनातून त्या अस्वस्थ होत्या. डबा रोज का कोरा होतो हे त्यांना शुक्रवारीच समजलं होतं. ऑफिस झाडणाऱ्या मावशी सकाळी सहाला येत. कॉम्प्युटरचा प्लग काढून त्या तिथे झाडायचं मशीन लावत.

"मावशी, हा प्लग काढता तुम्ही?"

"तो प्लग माझाच आहे, बाई. अकरा वर्षं. तुमचं पाय ठेवायचं खोकं विजेवर चालतं हे मला कुणी सांगितलं?"

हे खरं होतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी मावशींसाठी वेगळी वायर आणून दिली, चार भोकांची. भिंतीवर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली : 'हा प्लग काढू नये.' तरी सकाळी डबा कोराच. सकाळची वीज जात असावी, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली.

याच्यावर उपाय एकच होता. सुनेला फोन करून ती निम्मी ओळ मागायची. म्हणजे 'तू म्हणालीस ते खरं होतं' असं म्हणायचं. मुलाचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि हे वाक्य अजून एकदाही दोन्ही बाजूंनी उच्चारलं गेलं नव्हतं. बाईंनी दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा उचलला आणि हवापाण्याची चौकशी करून ठेवला.

इकडे साहेबांना कधी नव्हे ते कळवण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. त्यांनी भाबडेपणानं मुख्य कार्यालयाला लिहिलं की आमच्या शाखेत सर्व कर्मचारी कोणत्याही फोटोशिवाय सकाळी सातलाच हजर असतात. असं पत्र मुख्य कार्यालयाला आजवर कुठूनच आलं नव्हतं. ते वाचून तिथे आनंद झाला नाही, संशय आला. चौकशी झाली, कुणीतरी डब्याबद्दल बोललं आणि दुसरं परिपत्रक निघालं. हे बाईंनीही बसून वाचलं.

'शाखेत अनधिकृत संभाषण-यंत्रणा चालत असल्याचे समजते. तपासनीस मंगळवारी येतील. यंत्रणेत प्रशासक म्हणून ज्याचे नाव आढळेल, त्यास त्याच दिवशी त्याच्या टेबलावरून हलवून दूरच्या गोदामात पाठवावे. सबब ऐकून घेतली जाणार नाही.'

"म्हणजे मुकुट ज्याच्या डोक्यावर, तो गेला," लंबू म्हणाला. आणि त्या वाक्यासरशी शाखेत कुणालाच लवकर उठायचा उत्साह राहिला नाही.

"मग मंगळवारी मी लवकर येते," बाई म्हणाल्या. "मी उभं केलंय ते, मुकुटही मीच घालीन."

"नको, बाई," भांडारी म्हणाले. स्पॅनर त्यांनी खाली ठेवला होता. "तुम्ही गेलात तर लिफ्टमधल्या माणसांना कोण विचारणार, कोण गुदमरतंय आणि कोण ओरडतंय ते? मी येतो लवकर. मी आधीच गोदामात आहे. मला आणखी कुठे पाठवणार?"

"अहो, दूरच्या गोदामात."

"तिथेही नट असतीलच."

"तुम्ही कुणी येऊ नका," बाई म्हणाल्या. "आणि मीही माझी वेळ बदलत नाही. त्यांच्यासाठी लवकर यायचं म्हणजे आपण त्यांना घाबरलो असं होईल. मी नऊला येईन, डब्यात पहिलं नाव माझं घालीन आणि मग काय ते हलवा म्हणावं. तोवर कुणीही त्याला हात लावायचा नाही."

सोमवारी संध्याकाळी त्यांनी खणातलं सामान एका पिशवीत भरलं : चष्म्याचं जुनं घर, सव्वीस वर्षांतल्या इमारतींच्या वॉचमनचे नंबर लिहिलेली वही, आणि खुर्चीवरची उशी. उशी पिशवीत मावेना. ती त्यांनी काखेत घेतली आणि घरी नेली.

तपासनीस हुशार होता. सगळे सातला येतात म्हणून तो मंगळवारी साडेसहालाच येऊन थडकला. दारात मावशी फरशी पुसत होत्या.

"पायपुसण्यावर थांबा. ओलं आहे."

"मी तपासणीला आलोय."

"तपासा की. वाळल्यावर."

पाच मिनिटं पायपुसण्यावर उभा राहून तपासनीस आत गेला. "ती संभाषणाची यंत्रणा कुठे आहे?"

"बाईंचा डबा? तो काय, टेबलाखाली. पडदा वर आहे."

पडद्यावर एकच वाक्य होतं : 'स्वागत आहे. आपलं नाव लिहा.' माणूस कितीही हुशार असला तरी जन्मभर अर्ज भरल्यावर 'आपलं नाव लिहा' दिसलं की हात आपोआप चालतो. शिवाय आत गेल्याशिवाय पुरावा कसा मिळणार? त्यानं पूर्ण नाव लिहिलं आणि सवयीनं पुढे हुद्दाही लिहिला. नावापुढे मुकुट आला. तोही त्याला दिसला, पण मुख्य कार्यालयातल्या माणसाचं स्वागत असंच व्हायला हवं, असं वाटून त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही. त्यानं तेच आपल्या फोनवरही उघडलं, तो खुर्चीत बसला आणि कुणीतरी काहीतरी बोलण्याची वाट पाहू लागला.

कुणी लवकर यायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे सातला सगळे आले. प्रत्येकजण दुसऱ्याला वाचवायला आला होता. लंबूनं धावतच फोन काढला, नाव घातलं, मुकुट आला नाही म्हणून यादीत वरचं नाव पाहिलं, आणि मग त्यानं स्वतःहून, कुठल्याही ॲपनं न सांगता, भिंतीकडे तोंड करून हसून घेतलं.

बाई नऊला आल्या. पिशवी दाराशी ठेवली. साहेबांच्या खोलीत सगळे उभे होते आणि तपासनीस परिपत्रक हातात घेऊन बसला होता.

"ही यंत्रणा कुणाची?" त्यानं विचारलं.

"माझी," बाई म्हणाल्या. "मीच उभी केली. लपवण्यासारखं त्यात काही नाही आणि मागे घेण्यासारखंही काही नाही. माझी माणसं शाफ्टमध्ये लटकून हसणार नाहीत. टेबल सोडायला मी तयार आहे. पिशवी भरून आणलीय."

"कबुली पुरेशी नाही. यंत्रणेत नाव आढळलं पाहिजे. मला गेल्या बारा दिवसांतलं सगळं संभाषण दाखवा. कोण काय म्हणालं, मुख्य कार्यालयाला कुणी कोणती विशेषणं लावली, सगळं."

"ते नाही."

"पुसलंत?"

"साठवलंच नाही. आमचा डबा विसरतो, साहेब. त्याला तसंच ठेवलंय."

"मग प्रशासकाचं नाव?"

"ते मात्र आहे," लंबू छताजवळून म्हणाला. "पडद्यावर बघा. मुकुट आहे नावापुढे."

भांडारींनी मागे लांब वायर सोडत पडदा उचलूनच आणला. सगळ्यांनी वाकून पाहिलं. सगळ्यात शेवटी तपासनीसानं पाहिलं. स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा आणि पिवळा मुकुट.

"हे... हे मी आत बघायला म्हणून..."

आता शाखाप्रमुखांनी परिपत्रक त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं. ते मोठ्यानं वाचू लागले. "'प्रशासक म्हणून ज्याचे नाव आढळेल, त्यास त्याच दिवशी त्याच्या टेबलावरून हलवून दूरच्या गोदामात पाठवावे. सबब ऐकून घेतली जाणार नाही.' मी काय करू, साहेब? वरून आलंय."

तपासनीसानं घाम पुसला. "हा मुकुट दुसऱ्याला देता येत असेल."

"येतो," बाई म्हणाल्या. "पण घेणाऱ्यानं 'स्वीकारतो' म्हणावं लागतं."

त्यानं भांडारींकडे पाहिलं. भांडारी म्हणाले, "माझ्याकडे आधीच पुष्कळ सामान आहे." त्यानं वर पाहिलं. लंबू म्हणाला, "साहेब, माझं डोकंच चौकटीत मावत नाही. मुकुट कुठे मावणार?"

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. टेबल सुटलेलं असो वा नसो, बाई धावल्या. सातवा मजला, तिघे आत, एक बाळ. पुढच्या क्षणी तपासनीसाच्या खिशातला फोन किणकिणला. कारभारी असल्यामुळे सगळं त्यालाही येत होतं. 'मी दोन गल्ल्या पलीकडे आहे, निघालो,' जोडमिस्त्रीनं लिहिलं. 'दाराची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन मागच्या फाटकाशी,' बाईंनी लिहिलं. तपासनीस उभ्या उभ्या वाचत राहिला. 'बाळ रडतंय,' आलं. मग बराच वेळ काही नाही. मग, 'सुटले. बाळ झोपलं.'

"किती वेळ लागला?" तपासनीसानं विचारलं.

"तेरा मिनिटं," लंबू म्हणाला. "फोटो काढला असता तर पन्नास."

तपासनीसानं फोन खिशात ठेवला. मग त्याचं लक्ष दाराशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशींकडे गेलं.

"मावशी," तो अत्यंत मृदू आवाजात म्हणाला, "तुमचं झाडून झालं का?"

"झालं. पहाटेच."

"मला वाटतं, त्या टेबलाखाली थोडा कचरा राहिलाय."

"नाही राहिला."

"तरी एकदा... मशीन फिरवून बघितलंत तर?"

मावशींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पिशवी उचलली, टेबलावर ठेवली आणि तिच्यातलं चष्म्याचं घर बाहेर काढून खणात ठेवलं. "आधी अहवाल लिहा, साहेब," त्या म्हणाल्या. "मग झाडू."

तपासनीसानं तिथेच अहवाल लिहिला. शाखेत कोणतीही अनधिकृत यंत्रणा आढळली नाही. कर्मचारी सातलाच हजर असल्याने त्यांच्याकडून फोटो मागवणे हा कागदाचा अपव्यय आहे. फोनच्या टेबलावरील व्यवस्था आहे तशीच ठेवावी. सही झाली. मावशींनी जाऊन प्लग काढला आणि मुकुट गेला. जाताना तपासनीस पायपुसण्यावर जरा जास्तच वेळ पाय पुसत होता.

दुपारी सगळे कामावर पांगल्यावर बाईंनी मावशींना थांबवलं. "मावशी, मी तुम्हाला वेगळी वायर आणून दिलीय. पाटी लावलीय. मग तुम्ही आज पहाटे प्लग कसा काढलात?"

"आजच नाही. रोज काढते."

"पाटी वाचली नाहीत?"

"पाटी वाचली. पाटीच्या आधी पडदा वाचला." मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "तुम्ही माणसं संध्याकाळी पडदा तसाच ठेवून जाता. दुसऱ्याच दिवशी वाचलं मी. त्या लंब्यानं भांडारींना काय काय लिहिलं होतं, भांडारींनी त्याला काय लिहिलं होतं. मग साहेबांबद्दल. मग तुमच्याबद्दल. म्हटलं, हे सकाळपर्यंत असंच पडून राहिलं तर ही माणसं एकमेकांच्या तोंडाकडे कशी बघणार? झाडायचं काम माझं. झाडलं."

बाईंनी पाटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्याबद्दल काय लिहिलं होतं?"

"आता काय आठवतंय," मावशी म्हणाल्या आणि बादली घेऊन निघून गेल्या.

बाईंनी भिंतीवरची पाटी काढली. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'हा प्लग मावशींचा आहे,' आणि तिथेच परत लावली. मग खुर्चीवर उशी नाही हे लक्षात येऊन त्या जरा अवघडून बसल्या आणि सुनेला फोन लावला.

"आई, बरं झालं तुम्हीच केलात," सून म्हणाली. "मला इथून दिसतंय, तुमचं मशीन रोज सकाळी बंद पडतंय. सगळं पुसलं जात असेल हो. वीज जाते का?"

"जाते. नेमानं जाते." बाई म्हणाल्या. "अगं, ऐक. त्या कपाटाचं तू म्हणालीस ते खरं होतं."

पलीकडे इतकी शांतता पसरली की बाईंना वाटलं, फोनच कोरा झाला. शेवटी सून सावधपणे म्हणाली, "मग आई... घालू का ती निम्मी ओळ?"

"खरं होतं म्हटलं," बाई म्हणाल्या. "घाल कुठे म्हटलं?"